दहावा माणूस

माझे मेव्हणे गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीनशॉप चालवतात. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगला फेसिंग करायचं, भोकं पाडायची, आटे मारायचे आणि माल गिऱ्हाइकाकडे रवाना करायचा, असा जॉबवर्कचा धंदा. दोन व्हीएमसी, तीन ड्रिलिंग मशिनं, एक जुना लेथ. मस्टरवर माणसं नऊ, ठेकेदाराकडची पाच. माझी मुलगी पुण्यात एका टीपीएत नोकरी करते. विमा कंपनीच्या वतीने दवाखान्यांची बिलं तपासायची आणि क्लेमची छाननी करायची, हे तिचं रोजचं काम.

एका मोठ्या गिऱ्हाइकाने व्हेंडर ऑडिटमध्ये मेव्हण्यांना विचारलं, ‘कामगारांच्या आजारपणाची काय सोय आहे?’ त्यावर एजंटाने ग्रुप मेडिक्लेमचं कोटेशन आणून दिलं आणि ते मेव्हण्यांनी भाचीपुढे टाकलं. पोरगी याच धंद्यातली, लगेच ‘घ्या’ म्हणेल असा त्यांचा अंदाज होता. पुढचं बोलणं होईल तितकं जसंच्या तसं देतो. शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

मामा : हे बघ. माणशी दोन लाखांचं कव्हर, वर्षाला माणशी तीन हजार. पंधरा माणसांचे पंचेचाळीस हजार. तपासणी नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेत, कार्ड दाखवलं की कॅशलेस. अजून काय पाहिजे?

भाची : पंचेचाळीस नाही मामा, त्रेपन्न हजार शंभर. अठरा टक्के जीएसटी धरलेला नाही त्याने.

मामा : तो काढला की सरकारनं. पेपरात आलं होतं.

भाची : घरच्या पॉलिसीवरचा काढला, २२ सप्टेंबर २०२५ पासून. ग्रुपवरचा आहे तसाच आहे.

मामा : मग सेट-ऑफ घेऊ.

भाची : तोही नाही मिळत. कायद्याने सक्ती असेल तरच कामगारांच्या मेडिक्लेमवरचं इनपुट मिळतं. तुम्ही आपखुशीने घेताय. प्रीमियम धंद्याच्या खर्चात टाकता येईल, फक्त रोखीने भरू नका. पण ते राहू दे. आधी मला सांगा, ईएसआयचा सरकारी कामगार विमा का नाही?

मामा : नऊ माणसं आहेत माझी. कायदा दहाला लागतो.

भाची : आणि कोटेशन पंधरांचं कसं?

मामा : ठेकेदाराची पाच पोरं घातली की त्यात. तीही माणसंच आहेत.

भाची : छान. म्हणजे विमा कंपनीला सही करून देणार की ही सगळी माझी माणसं, आणि ईएसआयचा इन्स्पेक्टर आला की सांगणार, माझी नऊच. तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच मशीनवर, तुमच्याच सुपरवायझरच्या हाताखाली राबतात ती पोरं. मोजताना ती धरतातच. आणि ठेकेदाराने वर्गणी बुडवली तर मूळ मालक म्हणून ती तुमच्या गळ्यात येते.

इथे मेव्हण्यांनी चहा मागवला. नवाचा हा हिशेब एमआयडीसीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दहावा माणूस मस्टरवर चढला की ईएसआय लागू होतो, आणि एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही. म्हणून कित्येक शेडमध्ये दहावा माणूस येतो, काम करतो, पगारही घेतो. कागदावर मात्र तो दुसऱ्याचा असतो. मेव्हण्यांच्या बाबतीत मला यात लबाडीपेक्षा धास्ती जास्त दिसते. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत चलन, उशीर झाला की बारा टक्के व्याज, आणि हे सगळं बघायला ऑफिसात दुसरं कुणी नाही.

मामा : हे बघ बाई, कायदा मलाही कळतो. पण पोरांनाच नको आहे ईएसआय. पगारातून शंभर-सव्वाशे कापले तर लगेच विचारतात, हे कशाचे? मी स्वतः पोरगा होतो तेव्हा फौंड्रीत कामाला होतो. विमा दवाखान्यात सकाळी आठला रांगेत उभा राहायचो, बाराला त्याच पांढऱ्या गोळ्या मिळायच्या. अर्धा दिवस बुडायचा तो वेगळाच. आणि हिशेब तरी बघ. बारा पोरं सोळा हजारांच्या आसपास घेतात. माझा वाटा किती होतो?

भाची : सव्वातीन टक्के. माणशी महिन्याला पाचशेवीस. बारांचे वर्षाला चौऱ्याहत्तर हजार आठशे ऐंशी. पोरांचा वाटा पाऊण टक्का, एकशेवीस रुपये. जुलै २०१९ च्या आधी मालकाचाच पावणेपाच टक्के होता. तेव्हा म्हणाला असता तर ऐकून घेतलं असतं.

मामा : म्हणजे पंचाहत्तर हजार देऊन रांग, की त्रेपन्न हजार देऊन कॅशलेस? तूच सांग आता.

भाची : त्रेपन्न हजारांत काय मिळतं ते वाचलं का? फक्त कामगार. बायको नाही, पोरं नाहीत, आई-बाप नाहीत. ईएसआयमध्ये बायको-मुलं येतात, सांभाळायला असलेले आई-बापही येतात, आणि दोन लाख संपले, आता घरी जा, असं कुणी म्हणत नाही. पण ते सोडा. मोठा फरक वेगळाच आहे. पॉलिसी दवाखान्याचं बिल भरते, पगार भरत नाही. मागच्या पावसाळ्यात तुमच्या त्या ड्रिलिंगवरच्या पोराला डेंग्यू झाला होता ना?

मामा : झाला होता. महिना-दीड महिना घरी होता. मी पंचवीस हजार उचल दिली त्याला. बिनव्याजी!

भाची : आणि अजून कापताय.

मामा : महिन्याला हजार रुपये. त्याला झेपेल तेवढंच.

भाची : ईएसआय असता तर आजारपणाचे सत्तर टक्के मिळाले असते, वर्षात एक्क्याण्णव दिवसांपर्यंत. सोळा हजारांवर महिना अकरा हजार दोनशे, आणि ते फेडायचे नसतात. त्याच्या आधीच्या सहामाहीत अठ्ठ्याहत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असली की झालं. तुमची उचल चांगली आहे मामा, नाही म्हणत नाही. पण ते कर्ज आहे. तो पोरगा दुसऱ्या शेडमध्ये दीड हजार जास्त मिळत असून गेला नाही. का नाही गेला असं वाटतं तुम्हाला?

मामा : मी चांगला आहे म्हणून.

भाची : अर्धं ते खरं. अर्धं उचल फिटायची आहे म्हणून.

मामा : (थांबून) तुला एक सांगू? रात्री दोन वाजता त्याची बायको रडत फोन करते, तेव्हा तुझा टीपीए उठत नाही. मी उठतो. दवाखाना आधी डिपॉझिट भरा म्हणतो. मी खिशातले वीस हजार टेकवतो. कार्ड काय करणार तिथं? तुमचं सगळं सकाळी दहाला सुरू होतं.

भाची : हे मान्य. नियामकाने २०२४ च्या मे महिन्यात सांगितलंय, कॅशलेसची विनंती आल्यावर तासाभरात उत्तर द्या, डिस्चार्जला तीन तासांच्या वर लावू नका. कागदावर चोवीस तासांची सोय आहे. पण दवाखाना आमच्या यादीत नसेल तर तुम्हीच लागता. मी नोकरी करते म्हणून खोटं नाही बोलणार.

मामा : मग?

भाची : मग हेच, की तुम्ही आजारपणाचा विचार करताय, मशीनचा करत नाही. ड्रिलिंगवर हातमोजा घालून काम करतात ना अजून?

मामा : दहा वेळा सांगितलंय. बोर्ड लावलाय. कास्टिंगची धार लागते म्हणून घालतात.

भाची : आणि फिरत्या ड्रिलला मोजा गुंडाळला की हात त्याच्या मागे जातो. उद्या बोटं गेली तर या पॉलिसीतून ऑपरेशनचं बिल सुटेल. बोटांची भरपाई कोण देणार?

मामा : ॲक्सिडेंट आहे की यात.

भाची : यात अपघाताचा दवाखाना आहे, भरपाई नाही. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, हा १९२३ पासूनचा कायदा. आता तो सामाजिक सुरक्षेच्या संहितेत गेला, पण जबाबदारी तीच. तीस वर्षांचा पोरगा कामावर दगावला तर हिशेब कसा होतो ते लिहा. पगाराचा निम्मा, गुणिले वयाचा आकडा. तिशीला तो २०७.९८ आहे. पगार पंधरा हजार धरा. साडेसात हजार गुणिले दोनशे आठ.

मेव्हण्यांनी मोबाइल काढून स्वतः गुणाकार केला. पंधरा लाख साठ हजार. त्यांनी तो पुन्हा केला. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

भाची : ईएसआय लागू असेल तर ही जबाबदारी महामंडळाची. कामावर जायबंदी झाला तर बरा होईपर्यंत नव्वद टक्के पगार, कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पेन्शन, गेला तर बायकोला आणि मुलांना पेन्शन. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. दोन लाखांचा मेडिक्लेम घेऊन तुम्ही निवांत झोपणार, आणि डोक्यावर पंधरा लाखांचं ओझं तसंच राहणार.

मामा : बरं. पण मग दवाखान्याचं काय? पोरं कागलची, मुरगूडची, दोन बिहारची. ईएसआयच्या दवाखान्यात नेऊन घालू? आणि मोठ्या आजाराला फुले योजना आहेच की. पाच लाखांपर्यंत मोफत, केशरी-पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं आता. एक सरकारी योजना असताना दुसरी कशाला?

भाची : फुले योजना चांगली आहे. हृदयाचं, कॅन्सरचं, डायलिसिसचं काम तिच्यात होतं आणि तुमच्या पोरांना ते मी स्वतः सांगेन. पण यादीतले उपचार, यादीतले दवाखाने. चार दिवस ताप आला, सलाईन लावून पडून राहिला, तिथे ती सहसा कामाला येत नाही. बिहारच्या पोरांकडे इथलं रेशनकार्ड नाही. त्यांच्या घरचं आयुष्मान कार्ड असेल तर चालेल, नसेल तर नाही. आणि पगार तीही देत नाही. ईएसआयच्या दवाखान्याबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. औषध संपलेलं असतं, डॉक्टर कमी असतात, मोठ्या कामाला पुढे पाठवतात. पाठवलेल्या खासगी दवाखान्यात कॅशलेस होतं, पण त्या कागदासाठी एक चक्कर जास्त पडते. हे मी लपवणार नाही.

मामा : म्हणजे मी म्हणतो तेच.

भाची : तुम्ही म्हणता त्यातलं अर्धं. आता तुमच्या कॅशलेसचं बघू. पान तीन, बारीक अक्षरं. खोलीभाड्याला मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का.

मामा : दोन हजार रुपये रोज. बास की.

भाची : जनरल वॉर्डात बास. पण जागा नसते, आणि बायको म्हणते, कार्ड आहे, चांगली खोली घेऊ. चार हजारांची घेतात. आमच्या टेबलावर असलं बिल रोज येतं. समजा एक लाख वीस हजारांचं बिल आहे. पाच दिवसांचं खोलीभाडं वीस हजार, सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि व्हिजिट मिळून साठ हजार, औषधं आणि तपासण्या चाळीस हजार. खोली दुप्पट दराची, म्हणून खोलीभाडं निम्मं कापतात. तेवढ्यावर थांबत नाहीत, सर्जन आणि थिएटरचंही निम्मं कापतात. औषधांना आणि तपासण्यांना ती कात्री लावता येत नाही, ती पूर्ण मिळतात. मंजूर ऐंशी हजार. वरचे चाळीस हजार पेशंटने भरायचे, तेही डिस्चार्जच्या दिवशी, घरी जायला रिक्षा बोलावल्यावर. हातमोजे, मास्क, रजिस्ट्रेशन फी यांची कपात अजून बाजूलाच आहे.

मामा : विमा रक्कम शिल्लक असताना?

भाची : असताना. आणि मग ते चाळीस हजार कोण देणार?

मामा : मी. उचल म्हणून.

भाची : एजंटाला सांगा, खोलीभाड्याची अट काढून कोटेशन दे. प्रीमियम थोडा वाढेल, पण निदान दवाखान्यात तुमच्या नावाने शंख होणार नाही. आता एक विचारते, रागवू नका. नऊ आणि पाच चौदा होतात. पंधरावा कोण?

मी मेव्हण्यांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

मामा : मी. त्यात काय झालं? मालकाला घेतात की.

भाची : घेतात. मालक, भागीदार चालतात बऱ्याच कंपन्यांना. तुमचं वय एकोणसाठ, एक स्टेंट, आणि साखर. स्वतःच्या पॉलिसीला काय झालं?

मामा : एका कंपनीनं नाही म्हटलं. दुसरीनं प्रीमियम असा सांगितला की मी फोनच ठेवला. आणि वर म्हणे हृदयाला तीन वर्षं थांबा. इथं पहिल्या दिवसापासून आहे.

भाची : म्हणून कामगारांची काळजी.

मामा : दोन्ही! माझं झालं तर त्यांचंही होतंय ना? माझ्या निमित्तानं चौदा पोरांना कार्ड मिळतंय, यात वाईट काय?

या उत्तराला मी मनातल्या मनात दाद दिली. छोट्या धंद्यातल्या कितीतरी ग्रुप पॉलिसींचा जन्म असाच मालकाच्या हृदयातून होतो, आणि ते चूक आहे असं मला म्हणवत नाही. मुलगी मात्र बिलं तपासणारी.

भाची : वाईट काही नाही. पुढच्या वर्षीचं बघा. तुमची अँजिओप्लास्टी झाली, दोन लाखांचा क्लेम गेला. कंपनीला मिळाले जीएसटी सोडून पंचेचाळीस हजार. नूतनीकरणाला कंपनी क्लेमचा इतिहास बघते. पाचशे माणसांच्या कारखान्यात असला एक क्लेम मुरून जातो, पंधरांत नाही मुरत. दुप्पट-तिप्पट कोटेशन येईल आणि तुम्ही म्हणाल, परवडत नाही, सोडा. २०२० ला असंच झालं होतं ना?

मामा : तेव्हा लॉकडाऊन उठताना केंद्राच्या गृह खात्याचाच आदेश होता, कामगारांचा मेडिक्लेम काढा म्हणून. काढला. पुढच्या वर्षी विचारायला कुणी आलं नाही.

भाची : आणि तुम्ही सोडला. ज्याची साखर त्या वर्षात निघाली असेल तो पुन्हा उघड्यावर. ग्रुप पॉलिसी वर्षाची असते, आणि नोकरी सुटली की कामगाराचं कव्हर संपतं. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीची वर्षं धरून, पण ते कामगाराला सांगतंय कोण?

मामा : बरं बाई, ग्रुप नको. ईएसआय घेतला असं धर. सेटर बत्तीस हजार घेतो, सुपरवायझर अठ्ठावीस. एकवीस हजारांच्या वर ईएसआय नाही. ती मर्यादा २०१७ पासून हललेली नाही. म्हणजे हेल्परला सगळं, आणि ज्यांच्या जिवावर शॉप चालतं त्या दोघांना काही नाही?

भाची : त्यांना घरची फॅमिली पॉलिसी काढून द्या, हप्ता तुम्ही भरा. जीएसटी नाही, नोकरी सुटली तरी पॉलिसी त्यांचीच.

मामा : सुपरवायझरला दहा वर्षं साखर आहे. त्याला सांगू, तीन वर्षं आजारी पडू नको?

भाची : ...जुन्या आजाराला जास्तीत जास्त छत्तीस महिने. कमीही असू शकतात.

मामा : आणि दोघांचाच ग्रुप करतो म्हटलं तर?

भाची : बहुतेक कंपन्या सात माणसांखाली घेत नाहीत.

मामा : मग सापडलीस की! त्याच्यासाठी ग्रुपच पाहिजे. म्हणजे पोरांना ईएसआय, वर सगळ्यांचा ग्रुप. पंचाहत्तर आणि त्रेपन्न. एक लाख अठ्ठावीस हजार. व्हीएमसीचा तासाचा दर गेली तीन वर्षं वाढवून मागतोय मी. खरेदीचा साहेब म्हणतो, पुढच्या क्वार्टरला बघू. आणि त्याच कंपनीचा ऑडिटवाला येऊन विचारतो, कामगारांची काय सोय? सोय पाहिजे, दर नको. यावर तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?

भाची : काही नाही. पुढच्या कोटेशनमध्ये मजुरीच्या खाली वेगळी ओळ टाका : ईएसआय, सव्वातीन टक्के.

मामा : खोडतील.

भाची : खोडू देत. लेखी खोडतील ना? ऑडिटला तो कागद दाखवा.

मामा : तुला काम जाताना बघायचंय माझं. शेजारचा आठ माणसांत तेच काम करतो, ना ईएसआय, ना ग्रुप. त्याचा दर माझ्यापेक्षा कमी.

भाची : त्यालाही घेता येतो. नव्या संहितेत दहाच्या खालीही सोय आहे, मालक आणि निम्म्याहून जास्त कामगार राजी असले की झालं.

मामा : तो राजी होणाऱ्यातला नाही.

भाची : तुमचा तर राजीनाराजीचा प्रश्नच नाही. चौदा आहेत.

मामा : कळलं, कळलं. सारखं चौदा-चौदा करू नको, गेटवरचा वॉचमन ऐकतोय. नोंदणी ऑनलाइन होते ना? आधी माझा कोड काढायचा, की ठेकेदाराचा?

भाची : तुमचा. पोरांची आधार कार्डं, घरच्यांची नावं-जन्मतारखा गोळा करायला लावा.

मामा : सोमवारी सुपरवायझरला सांगतो. आणि ते कोटेशन इकडं दे, फाडू नको. खोलीभाड्याची अट काढून पुन्हा मागवतो मी. पंधरा माणसांचंच.